पांढऱ्या नंबरप्लेटची व्हॅन

"ठाणे, ठाणे! मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा! चला ताई, एक सीट, एकच सीट!"

सकाळी पावणेसातला काशीमिरा नाक्यावर उभं राहिलं की ही आरोळी कानावर पडतेच. व्हॅन अर्धी रिकामी असो की शिगोशीग भरलेली, सीट मात्र कायम 'एकच' शिल्लक असते! त्या एका सीटसाठी सात-आठ जणी धावतात. कुणाच्या हातात डब्याची पिशवी, कुणी ओल्या केसांना चालता चालता क्लिप लावतेय, कुणी फोनवर घरी सांगतेय की दूध गॅसवर आहे, बघा. मागच्या बाकावर तिघींच्या जागी चौघी, पुढे ड्रायव्हरशेजारी दोघी. दार दोनदा आपटलं की लागतं, आणि व्हॅन सुटते.

गाडीची नंबरप्लेट पांढरी असते. म्हणजे कागदोपत्री ही कुणाच्या तरी घरची खासगी गाडी. भाड्याच्या गाडीला पिवळी प्लेट लागते, हे आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक असतं. पण सकाळच्या घाईत प्लेटचा रंग कोण बघतंय? आपण बघतो ती जागा.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात या गाडीचं नाव वेगळं असेल. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. तिकडे आम्ही 'वडाप' म्हणतो. मराठवाड्यात-विदर्भात काळी-पिवळी, कुठे टमटम, कुठे मॅजिक. नाव काहीही असो, हात दाखवला की थांबते, आणि बस नसते तेव्हा ती असते. आपल्या मुली कॉलेजला तिच्यातून गेल्या, बाळंतपणाला माहेरी येताना आपण तिच्यातूनच आलो.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईच्या वेशीवर राहणाऱ्यांना व्हॅनची काय गरज? लोकल आहे की! लोकल आहे, पण ती जाते चर्चगेटकडे किंवा विरारकडे. मीरा-भाईंदर हे ठाणे जिल्ह्यातलं शहर. जिल्हाधिकारी ठाण्याला, जिल्हा न्यायालय ठाण्याला, सिव्हिल हॉस्पिटल ठाण्याला. आणि मीरा रोडहून ठाण्याला रेल्वेने जायचं म्हणजे आधी खाली दादरला उतरायचं आणि तिथून दुसऱ्या लाइनीने पुन्हा वर यायचं. रस्त्याने मात्र घोडबंदरमार्गे वीसेक किलोमीटर. शिवाय 2002 साली महापालिका झालेलं हे शहर वाढलं तरी किती! 2001 च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली वस्ती 2011 मध्ये आठ लाखांवर गेली. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते आम्ही रोज मान वर करून बघतोच. घोडबंदर रोडवरही तशाच सोसायट्या, मॉल, हॉस्पिटलं झाली आणि तिथे कामाला बायका लागतातच. आया, नर्स, सेल्सगर्ल, पोळीवाल्या. बसेस आहेत, नाही असं नाही. पण सहाची शिफ्ट आणि रात्री दहाला सुटणारं दुकान बसच्या वेळापत्रकात बसत नाही.

मी स्वतः रोज जाणारी नव्हे. आमच्या भागात आम्ही काही जणी मिळून बायकांची कामं करतो. कुणाचं रेशनकार्ड, कुणाची पोटगीची केस, कुणाला हॉस्पिटलात सोबत. त्यामुळे महिन्यातून चार-पाचदा मीही त्या 'एका सीट'वर बसते. व्हॅनवाल्यांपैकी बरेच जण मला ओळखतात, 'मॅडम' म्हणतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात मी बाजूला उभी नव्हते.

2023 चा पावसाळा. आमच्याच बिल्डिंगच्या बी विंगमधल्या एक वहिनी ठाण्याच्या एका खासगी हॉस्पिटलात आयाचं काम करायच्या. नवरा घरी असतो, दोन मुलं शाळेत. एके सकाळी गायमुखच्या घाटात व्हॅन घसरली आणि दुभाजकाला धडकली. बाकीच्यांना खरचटलं. वहिनी दाराकडेला चौथ्या बसल्या होत्या. त्यांचं मांडीचं हाड मोडलं.

मी पोहोचले तेव्हा ड्रायव्हर त्यांच्या स्ट्रेचरशेजारी उभा राहून रडत होता. तिशीतला, खानदेशातला मुलगा. गाडी त्याच्या मेव्हण्याच्या नावावर, हप्ते चालू. तो हात जोडून सगळ्यांना एकच विनवत होता, "पोलिसांना सांगा, घरचेच आहोत. ओळखीचे आहोत, लिफ्ट दिली म्हणा. नाहीतर मी मेलो."

दोघीतिघींनी तसं सांगितलंही. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, काय सांगू?"

मी म्हटलं, "जे खरं आहे ते सांगा."

त्यांनी जबाबात खरं सांगितलं. रोजच्यासारखं भाडं देऊन बसले होते. आणि मैत्रिणींनो, त्या एका खऱ्या वाक्यावर पुढचं सगळं अडलं.

झालं असं की गाडीचा, ज्याला आपण 'फुल इन्शुरन्स' म्हणतो, तो होता. खासगी गाडीच्या अशा पॉलिसीत आत बसलेल्यांनाही संरक्षण असतं. पण अट अशी की गाडी भाड्याने चालवायची नाही. वहिनी खोटं बोलल्या असत्या, 'लिफ्ट दिली' म्हणाल्या असत्या, तर कदाचित पैसे मिळण्याची वाट सोपी झाली असती. खरं बोलल्या म्हणून कंपनीचं पत्र आलं की वाहन पॉलिसीच्या अटींबाहेर वापरलं गेलं, सबब जबाबदारी नाही. मालकाकडे मागावं तर त्याच्याकडे मोडलेली गाडी आणि बँकेचे हप्ते. ऑपरेशनला वहिनींनी मंगळसूत्र गहाण ठेवलं. ते पत्र त्यांनी मला वाचायला दिलं, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रकरण ठाण्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आहे. वकीलसाहेब आशा सोडू नका म्हणतात. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलंय की परवान्याशिवाय वाहन रस्त्यावर आणणं हा कायद्याचा मुळातच भंग आहे. पण त्याच प्रकरणात कंपनीने आधी भरपाई द्यायची आणि मग ती मालकाकडून वसूल करायची, हा आदेशही कायम ठेवला. आपल्या प्रकरणाला ते लागू पडेल का, हे न्यायाधिकरण ठरवेल. तोवर तारखा.

जाता जाता एक कामाचं सांगते. असा प्रसंग कुणावर येऊ नये, पण आलाच तर गाडीच्या नंबराचा फोटो घ्या, हॉस्पिटलात पोलीस केस म्हणून नोंद होतेय ना ते बघा, आणि दावा करायला उशीर लावू नका. 2022 पासून कायद्यात अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत आली आहे. 'बघू, पाय बरा झाला की' असं म्हणण्यात ते महिने कसे जातात कळतही नाही.

तर त्या रागाच्या भरात मी एक निवेदन लिहिलं. बिनपरवाना व्हॅनवर कारवाई करा म्हणून. पन्नासेक सह्या घेतल्या आणि संबंधित कार्यालयात देऊन आले. निवेदनं फायलीत जातात असा आजवरचा अनुभव. या वेळी मात्र काय झालं कोण जाणे, पंधरा दिवसांत मोहीम सुरू झाली. नाक्यावर गाड्या अडवल्या, काही जप्त झाल्या. परवान्याशिवाय वाहतूक केली तर कलम 192 अ आहे, 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यात दहा हजारांचा दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. व्हॅनवाले एका रात्रीत गायब झाले.

मला वाटलं, चला, काहीतरी झालं!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काही कामाने ठाण्याला गेले होते. परतताना कापूरबावडीला पाहते तो शे-दीडशे बायका रस्त्यात उतरून ट्रकला हात दाखवताहेत. रिक्षा लांबचं भाडं घेत नव्हत्या, घेतल्या तर मीटरने एवढे पैसे कुणाकडे? बस आली ती दाराला लोंबकळलेली. मॉलमध्ये काम करणारी आमच्या गल्लीतली एक मुलगी त्या रात्री साडेअकराला घरी पोहोचली. एकीचे सलग तीन लेटमार्क झाले आणि दिवसाचा पगार कापला गेला. दुसऱ्या दिवशी आमच्या मीटिंगला नेहमीच्या निम्म्याही जणी आल्या नाहीत. जी आली ती स्पष्ट बोलली, "ताई, तुमचं बरं आहे. तुम्हाला रोज जायचं नसतं."

खरंच होतं ते. दहा-बारा दिवसांनी मोहीम थंडावली. व्हॅन परत आल्या आणि भाडं थोडं वाढवूनच आल्या.

मग मात्र मी जरा मुळात गेले. मी बी.ए. मराठीची, मोटार वाहन कायद्याचं पुस्तक उघडलं तेव्हा पहिल्या चार पानांतच घाम फुटला. पण समजलं ते असं. 1988 च्या या कायद्यात प्रवासी वाहतुकीचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. बस थांब्याथांब्यावर माणसं घेते-उतरवते, जेवढं जाल तेवढं तिकीट, ती टप्पा वाहतूक. आणि टॅक्सी, लग्नाची गाडी वगैरे ठरवून इथून तिथे नेते, ती कंत्राटी वाहतूक. ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत माणसं नेणारी भाड्याची गाडी म्हणजे मॅक्सी कॅब. गंमत बघा, मॅक्सी कॅबने प्रत्येकाकडून वेगळे पैसे घेतले तरी कायदा तिला कंत्राटी वाहनच मानतो. पण आपली व्हॅन करते काय? मध्ये कासारवडवलीला एकीला उतरवते, दुसरीला घेते. म्हणजे पिवळी प्लेट लावली, कंत्राटी परवाना काढला तरी रोजचं काम टप्प्याचंच! टप्प्याचा परवाना तर मुख्यत्वे एसटी आणि महापालिकांच्या बसचा प्रांत. ड्रायव्हर म्हणतात, "मॅडम, परवाना काढूनही दंड भरायचा, तर काढायचा कशाला?" सबब सोयीची आहे, पण अगदीच खोटी नाही.

माझे मामा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्यापुढे वडापचं नाव काढलं की अजूनही भडकतात. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, तिथपासून सुरुवात करतात! पण त्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. "वडापवाला भरलेलं गाव उचलतो," ते म्हणतात, "आणि रिकामं गाव एसटीला ठेवतो." सकाळ-संध्याकाळचा गल्ला व्हॅनचा, दुपारची रिकामी फेरी एसटीची. पाससाठी रांग लावणारी पोरं एसटीची. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, 17 मार्च 2023 पासून आपल्याला अर्धं तिकीट, तेही एसटीतच. व्हॅनवाला कधी म्हणालाय का, आजी, तुमचे पैसे नकोत? उद्या व्हॅनना सरसकट मोकळीक दिली आणि बस बंद पडली, तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? म्हणूनच 2022 मध्ये सरकारने मॅक्सी कॅबचा अभ्यास करायला समिती नेमली तेव्हा एसटीच्या कामगार संघटनांनी विरोध केला.

मामांना मी एवढंच विचारलं, संप झाला तेव्हा काय झालं? नोव्हेंबर 2021 मध्ये एसटीचा संप चिघळला, तेव्हा सरकारनेच खासगी बस, स्कूल बस, कंपन्यांच्या बस, इतकंच काय मालवाहू गाड्यांनाही प्रवासी न्यायला परवानगी दिली होती. म्हणजे नड असली की चालतं. मग आमची रोजची नड ती नड नाही का? मामांनी सुपारी कातरता कातरता विषय बदलला.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. आफ्रिकेत केनिया देशात अशाच व्हॅन आहेत, त्यांना 'मटाटू' म्हणतात. तिथल्या स्वाहिली भाषेत 'टाटू' म्हणजे तीन. पूर्वी तीन नाणी भाडं होतं, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. त्या फार बेफाम चालायच्या, अपघात तर विचारू नका. शेवटी 2004 मध्ये तिथले वाहतूक मंत्री जॉन मिचुकी यांनी नियम लावले. वेग ताशी 80 वर बांधणारं यंत्र, प्रत्येक सीटला पट्टा, ठरलेली माणसं, गाडीवर पिवळा पट्टा, ड्रायव्हरला गणवेश. नियम लागू झाले तेव्हा गाड्याच मिळेनात, लोक मैलोन्मैल पायी कामाला गेले. पण गाड्या बदलून परत आल्या. पुढे नियम पुन्हा सैलावले असंही वाचलं. आपल्याला काय ते नवीन नाही.

मला त्यातलं एक पटलं. त्यांनी मटाटू बंद केल्या नाहीत, नोंदवल्या आणि बांधून घेतल्या. आपल्याकडेही भाड्याच्या गाडीला बांधून घेण्याची साधनं आहेतच की! पिवळी प्लेट लागली की नव्या गाडीची आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस तपासणी. ड्रायव्हरला बिल्ला, म्हणजे त्याची नोंद. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 1 जानेवारी 2019 पासून नोंदलेल्या, रिक्षा सोडून बाकीच्या भाड्याच्या प्रवासी गाड्यांत गाडी कुठे आहे ते सांगणारं यंत्र आणि धोक्याचं बटण असावं असा नियम आहे. रात्री दहाला गायमुखच्या अंधारात शेवटची उरलेली बाई पांढऱ्या प्लेटच्या गाडीत बसलेली असते, तिच्या हाताशी कोणतं बटण आहे? तिच्या हाताशी असतो फोन, आणि त्याची बॅटरी चार टक्के.

भाड्याचंही तेच. रिक्षाचं कमीत कमी भाडं 1 फेब्रुवारी 2025 पासून 23 वरून 26 रुपये झालं, ते मुंबई महानगर परिवहन प्राधिकरणाने ठरवलं. आपण कुरकुरलो, पण ठरलेलं तरी आहे. व्हॅनचं भाडं आकाशाकडे बघून ठरतं. पाऊस आला, वाढलं! आणि दुचाकीवरच्या ई-बाईक टॅक्सीसाठी 2025 मध्ये सरकार नियम करू शकलं, तर या व्हॅनसाठी का नाही?

म्हणून आम्ही पुन्हा निवेदन लिहायला घेतलं. या वेळी 'बंद करा' नाही. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या सीटा, दारावर लिहिलेलं भाडं, उजेडातला थांबा, आणि बसच्या वेळा सोडून सकाळी लवकर आणि रात्री उशिरा तरी या गाड्यांना परवाने द्या. बसची दुपारची फेरी मोडणार नाही, मामांचंही राहील. आधी नाक्यावर बायकांच्या सह्या घेतल्या. त्या लगेच मिळाल्या, मागच्या वेळी नाराज झालेल्या मुलीने तर दोन पानं भरून आणली. मग मी ड्रायव्हरांकडे गेले. तिथे मात्र पाचच सह्या झाल्या. बाकीचे म्हणतात, पिवळी प्लेट म्हणजे विम्याचा हप्ता वाढणार, टॅक्स वाढणार, फिटनेसला दिवस मोडणार. "मॅडम, चारऐवजी तीनच बसवायच्या तर हप्ता कुठून भरू?" यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. भाडं थोडं जास्त पण ठरलेलं, असं मी म्हटलं, तेव्हा मागे उभ्या असलेल्या एका पोळीवाल्या मावशी पटकन बोलल्या, "जास्त म्हणजे किती, ते आधी सांगा!" सगळे हसले. पण प्रश्न खरा होता. तो आम्ही निवेदनात तसाच घातला.

पाच सह्यांमध्ये एक त्या खानदेशी मुलाची आहे. आता तो दुसऱ्याची गाडी चालवतो. माझ्याशी वर्षभर बोलला नव्हता. सही करताना म्हणाला, "तेव्हा पिवळी असती तर वहिनींचे पैसे मिळाले असते ना?" मी म्हटलं, मिळण्यासारखे असते. त्याने पुढे काही विचारलं नाही. आमच्या गटातल्या एकीनेही हळूच विचारून ठेवलंय. तिच्याकडे लायसन्स आहे, महिलांच्या अबोली रिक्षा ती बघते. रिक्षात बायकांसाठी पाच टक्के परवाने राखीव ठेवले होते, तसं व्हॅनला झालं तर?

परिवहनच्या कामासाठीही आम्हाला ठाणंच गाठावं लागायचं. 2025 मध्ये मीरा-भाईंदरला स्वतंत्र उपप्रादेशिक परिवहन कार्यालय मंजूर झालं, एमएच 58 हा क्रमांकही मिळाला. दार जवळ आलं हे बरं झालं. निवेदन तिथेच देणार आहोत, आणि एक प्रत महापालिकेला.

परवा नाक्यावर वहिनी भेटल्या. काठी आहे हातात, पण कामावर परत जायला लागल्यात. हॉस्पिटलने बसून करायचं काम दिलंय. व्हॅनवाल्याने आरोळी ठोकली, "एक सीट, एकच सीट!" वहिनी म्हणाल्या, "दादा, मला पुढची द्या, पाय दुमडत नाही." त्याने पुढच्या दोघींपैकी एकीला मागे पाठवलं. आत मागच्या बाकावर आता पाच जणी झाल्या.

खिडकीतून वहिनी मला म्हणाल्या, "ताई, मंगळवारी तारीख आहे. सव्वाआठला इथे या. हीच गाडी नऊपर्यंत भरते, साडेदहाच्या आत कोर्टात पोहोचू."